हळू बोलायचा सराव

"आलं काय बे ऐकू?"

काकांनी कडुनिंबाखालून अशी आरोळी ठोकली की झाडावरचे पोपट थवाच्या थवा उठून मंगरूळपीरकडे निघून गेले. त्यातले दोन आजतागायत परत आलेले नाहीत.

"आता आलं," मी फाटकापाशी उभा राहून म्हणालो.

"आताचं नाही पुसत! त्याच्या आंधीचं?"

"आंधीचंही आलं. तुमी म्हणलं, गुड मॉर्निंग, हाऊ आर यू."

"ते तं म्या कानात सांगतो तसं बोललो!"

"काका, पलीकडं चाचालेही ऐकू गेलं. ते म्हणले, अल्ला का करम है."

चाचा म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेले गादी-रजईवाले. आणि 'करम है' म्हणताना त्यांचं कापूस पिंजायचं यंत्र चालू होतं, हे ध्यानात घ्या. त्या यंत्रापुढे माणसाला स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नसे. काकांचं 'हळू' मात्र ते यंत्र ओलांडून पार पलीकडच्या गल्लीत उतरलं होतं.

काका मटकन खाली बसले. एक चप्पल काढली, झटकली, पुन्हा घातली. "उद्या पंधराच्या जागी वीस पावलांवर उभा राह्य," म्हणाले.

रोज सकाळी सात वाजता आमचा हा कार्यक्रम चाले. ते निंबाखाली उभे राहून हळू आवाजात काहीतरी बोलत. मी फाटकापाशी. ऐकू आलं तर मी हात वर करायचा. पहिला महिनाभर माझा हात खाली असा आलाच नाही. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटे, हा एस.टी.ला हात दाखवून राहिलाय. एकदा तर एक खरोखरीच थांबली. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "कुठंच नाही, शिकवणी आहे." तो काकांकडे पाहून समजला आणि बेल मारून गेला.

समजला, कारण कारंज्यात काकांना न ओळखणारा कंडक्टर नव्हता. काका माझे नात्यातले कोणी नव्हेत, घरमालक. मी रिठदचा. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरी लागली म्हणून कारंज्यात त्यांची पुढची खोली घेऊन राहत होतो. काका एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते, तीसेक वर्षं. गाडी कुठून आली, कुठं चालली, कुठल्या फलाटावर लागली, ते पुकारायचं काम. त्यांच्या हातात माइक असे तो निव्वळ शोभेला. स्टँडवरची वीज गेली तरी घोषणा बंद पडत नसत, उलट जरा स्पष्ट ऐकू येत. असं म्हणतात, की 'वाशीम गाडी फलाट दोनवर' असं ते इथं म्हणाले की तिकडे वाशीमला लोक उतरून घ्यायला उभे राहत. हे मी म्हणत नाही, चाचा म्हणतात. मी फक्त वाशीमच्या जागी अकोला म्हणतो.

तोच आवाज घरात. चष्मा सापडत नसला की, "कुठी उलथली व?" हे काकूंना उद्देशून. चहा गार झाला की तेच, दारात कोणी आलं की तेच, आणि काकू खरोखर हाकेसरशी समोर आल्या तरी तेच. यात राग नसे. निदान काका तरी तसं समजत. काकू काय समजत हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण काकूंचा आवाज गल्लीत कोणी ऐकलाच नव्हता. दोन आवाजांना त्या घरात जागा नव्हती.

काका निवृत्त झाले आणि कॅनडातल्या मुलीनं दोघांना बोलावून घेतलं. मुलीला बाळ झालं होतं. सहा महिन्यांसाठी म्हणून दोघं गेले. बेचाळिसाव्या दिवशी काका एकटे परत आले.

अंगात ढोपरापर्यंतचा कोट, बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. गल्ली गोळा झाली. काय झालं, काहून आले, काकू कुठं? काका म्हणाले, "हवा मानवली नाही." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पाणी जड आहे." तिसऱ्या दिवशी कोणी विचारलं तर म्हणाले, "तिथल्या बसा टायमावर येतात, माणसाले कंट्रोलिंगले कामच नाही." शेवटी लोक विचारायचे थांबले. काकू तिकडेच राहिल्या. नातीचं करत होत्या. मुलीनं काकांचं पुढचं तिकीट काढून ठेवलं होतं, दिवाळीनंतरचं. आणि काकूंचा निरोप आला होता, तोही एका ओळीचा: मी तं सध्या येत नाही, तुमाले यायचं असन तं या.

'या' नाही, 'असन तं या.' काका ती ओळ मोबाइलवर मला दहादा दाखवत. "याचा अर्थ काय रे बापू?" मी म्हणे, "याचा अर्थ या." ते मान हलवत. "नाही. यात काहीतरी आहे."

मग एक दिवस ही शिकवणी सुरू झाली.

नुसता आवाजच नव्हे. बेचाळीस दिवसांत पाहिलेलं सगळं कारंज्यात रुजवायचं त्यांनी ठरवलं होतं, म्हणजे परत गेल्यावर अंगवळणी पडलेलं असेल. भाजीबाजारात ते मेथीच्या टोपलीपुढे रांगेत उभे राहत. रांगेत ते एकटेच. बाया डाव्या-उजव्या हातानं जुड्या उचलून जात आणि काका आपला नंबर यायची वाट पाहत. एकदा अर्धा तास उभे राहिले तेव्हा भाजीवाली घाबरून म्हणाली, "काका, मेथी पाहिजे का सावलीले उभे आहा?" रस्ता ओलांडताना ते कडेला थांबून मोटरसायकलवाल्याकडे पाहत, त्यानं थांबावं म्हणून. मोटरसायकलवाला थांबेही, पण 'काका, सोडू काय कुठं?' असं विचारायला. मग नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून काका मागे बसत आणि भलतीकडे उतरत. एका म्हशीचा धक्का लागला तर तिला 'सॉरी' म्हणाले. म्हैस थांबली. मी समोर होतो, खोटं सांगत नाही. ती थांबली आणि तिनं वळून पाहिलं. त्या म्हशीला जन्मात कोणी सॉरी म्हटलं नव्हतं.

हे सगळं गल्लीनं हसून घेतलं. पण आवाजाचं कोणी हसून घेतलं नाही. तिथं लोक भ्यायले.

कारण आमच्याकडे आवाज म्हणजे माणसाचा पत्ता. शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्याला हाक जाते, तुरीत वाकलेला माणूस दिसत नाही पण 'ओ' आली की कळतं, आहे, बरा आहे. चहाला बोलावणं, शिवी देणं, पोराचं कौतुक, सगळं एकाच पट्टीत. हळू बोलायचे प्रसंग आमच्याकडे मोजून दोन: डॉक्टरनं हात टेकले तेव्हा, आणि त्यानंतर.

त्यामुळे साधारण दीड महिन्यानं, जेव्हा काकांचा आवाज खरोखर उतरायला लागला, तेव्हा पहिले चाचा आले. यंत्र बंद करून, दाढीतला कापूस न झटकता. "कंट्रोलर साब, गले को क्या हुआ? दिखाया किसी को?" काका हळूच म्हणाले, "काही नाही, बरा आहे." ते ऐकून चाचांचा चेहरा असा झाला की जणू काकांनी मृत्युपत्र वाचून दाखवलं. संध्याकाळी हळदीचं दूध आलं. दुसऱ्या दिवशी ज्येष्ठमध आलं. तिसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बाया जाता-येता माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उचलायला लागल्या: तब्येत काय म्हणते?

आणि त्या आठवड्यात काकांनी किन्हीराजाला धाकट्या भावाला फोन केला. सराव म्हणून. मी फाटकापाशी उभा होतो. काका फोनवर इतकं मऊ बोलले, इतकं मऊ, की माझा हात पहिल्यांदा खालीच राहिला. मी आनंदानं टाळ्या वाजवल्या. काय बोलले ते नंतर कळलं. "कसा हायेस? पोरंबाळं बरी हायेत ना? घरी सांग, मी इचारलं म्हणून."

तासाभरात जीप आली.

जीपमध्ये किती माणसं होती हे मी मोजायला गेलो आणि चौदावर हिशेब सोडला. भाऊ, भावजय, पुतणे, सुना, एक म्हातारी जिला कोणीच ओळखत नव्हतं पण जी अशा प्रसंगी बरोबर असावी लागते, आणि चादरीत गुंडाळलेला एक नारळ. फाटकातून आत येतानाच भावजयीनं पदर तोंडाला लावला होता. म्हातारीनं सूर धरला. काका अंगणात खाटेवर कोट उन्हात टाकून त्याच्या शेजारी पडले होते, डोळ्यांवर रुमाल. एवढं दृश्य पुरलं. भावानं खाटेजवळ गुडघे टेकले.

"दादा! काहून सांगतलं नाही आमाले?"

काकांनी रुमाल काढला. "काय सांगतलं नाही?"

"तुमी फोनवर असे बोलले का माह्या हातातला गिलास पडला. पन्नास वर्षांत तुमी मले कसा हायेस म्हणून पुसलं नाही दादा!"

आता इथं कोणी म्हणेल की काकांनी सराव आठवून हळूच समजूत काढायला हवी होती. त्यांनी काढलीही. एक वाक्य. "अरे मी बरा हाय." ते इतकं हळू निघालं की म्हातारीनं पट्टी वाढवली आणि पुतण्यानं गाडी वळवून ठेवायला सांगितली, दवाखान्यात न्यायला.

मग काका खाटेवर उभे राहिले. छाती भरून घेतली. दीड महिना कोंडून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर आलं.

"मेलो नाही मी! अन् ते फाटक लावा आंधी, गाय आत येऊन राह्यली!"

चाचांच्या दुकानातल्या पिंजलेल्या कापसाचा ढीग उडून पुन्हा बसला. मग भावजयीनं पदर खाली घेतला, नाक पुसलं, आणि म्हणाली, "हां. आता बरे हायेत." सगळे हसले, म्हातारीसुद्धा. नारळ फोडून खाल्ला. सतरा जणांचा चहा मी केला, म्हणून आकडा पक्का आठवतो.

जीप गेल्यावर काका मात्र हसत नव्हते. निंबाखाली जाऊन उभे राहिले. मी फाटकापाशी गेलो, वीस पावलांवर, सवयीनं. त्यांनी हातानं जवळ बोलावलं.

"बस. आज सराव नाही."

मी खाटेवर बसलो. भावानं आणलेल्या भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी त्यांनी मध्ये ओतली आणि आम्ही सोलायला लागलो. दुपार होती. पलीकडे यंत्र पुन्हा सुरू झालं होतं.

"त्याले मी पन्नास वर्षांत पुसलं नाही म्हणते," काका म्हणाले. "खरं हाय काय रे ते?"

मी पुढची शेंग घेतली. मला कसं ठाऊक असणार?

मग त्यांनी बेचाळिसाव्या दिवसाच्या आधीचा, चाळिसावा दिवस सांगितला. मुलगी-जावई कामावर. काका गॅलरीत उभे राहून किन्हीराजाला भावाशी फोनवर सोयाबीनचं बोलत होते. मध्येच चष्म्याची आठवण झाली. आत तोंड करून हाक मारली, "कुठी उलथली व?" काकू नातीला आंघोळ घालत होत्या. पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. पोरगी रडायला लागली. थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. पोलीस. एक बाई आणि एक सरदारजी. शेजाऱ्यांनी कळवलं होतं की या घरात कोणी बाईवर ओरडून राहिलंय, लहान मूलही आहे.

"चांगले होते बिचारे," काका म्हणाले. "मले बसा म्हणले. माह्याच घरात. अन् तिले सैपाकघरात नेलं. मधात दार नाही, सारं दिसे. ती बाई इंग्रजीत बोलली, सरदारजीनं हिंदीत सांगतलं. माताजी, आप ठीक हैं? इस घर में आप को कोई डर, कोई तकलीफ?"

शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली.

"मले वाटलं, ही हासन. म्हणन का काय येड्यासारखं पुसता, हे असेच बोलतात. समोर भितीवर घड्याळ होतं, मले सवय हाय पाहाची. एकवीस सेकंद, बापू. एकवीस सेकंद ती काही बोलली नाही. ओला टॉवेल हातात घेऊन उभी. मंग म्हणली, ठीक हूँ."

"म्हणल्या ना पण."

"म्हणली. पण एकवीस सेकंद तिनं काय पाह्यलं असन? तीस वर्षं मी एका गाडीले एकवीस सेकंद लेट होऊ देल्लं नाही. अन् घरातल्या बाईचं मले माहीतच नाही, ती कुठून कुठं चालली."

"मग विचारा ना काकूले. फोन तर रोज होते."

"फोनवर?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना भर चौकात कपडे काढायला सांगितलं होतं. "हे असं पुसणं मोठ्यानं होते काय रे? साऱ्या गल्लीले ऐकू जाईन. हे हळूच पुसा लागते. अन् मले हळू येत नाही."

तेव्हा मला ती शिकवणी कळली. गुड मॉर्निंग, हाऊ आर यू, रांग, सॉरी, सगळं बाजूचं होतं. त्या माणसाला जगात एक प्रश्न एका बाईला हळू आवाजात विचारायचा होता आणि त्यासाठी त्याच्याजवळ आवाज नव्हता. तो प्रश्न विचारल्याशिवाय तिकडे राहता येणार नव्हतं, आणि इकडेही. ते हे सगळं बोलले तेव्हा मध्ये यंत्र चालू होतं, मी हातभर अंतरावर होतो, आणि तरी मला कान पुढे करून ऐकावं लागलं. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या वाक्याला आवाज चढला असता.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ते निंबाखाली, मी फाटकापाशी. गुड मॉर्निंग बंद झालं होतं. ते नुसते ओठ हलवत. काय म्हणत ते मला ऐकू येत नसे, आणि आता ऐकू आलं असतं तरी मी हात वर केला नसता.

दिवाळीनंतर काका निघाले. नागपूरच्या विमानतळाला एस.टी.नंच जायचं, हा हट्ट. चाचांनी चार किलो कापसाची रजई करून दिली होती. ती बॅगेत मावेना म्हणून काकांनी खांद्यावर घेतली आणि त्या कोटावर ती रजई घेऊन उभा असलेला माणूस पाहून स्टँडवरची कुत्री भुंकायचीसुद्धा विसरली. नव्या कंट्रोलरनं आपणहून माइक पुढे केला. "शेवटची एक होऊन जाऊ द्या, काका." काकांनी माइक बाजूला सारला. "नागपूर जाणारी गाडी फलाट तीनवर लागलेली आहे," असं जे म्हणाले, ते मी अजून ऐकतो. फलाट तीनवर बसलेली माणसं उठलीच, पण जी यवतमाळला चालली होती तीही चार-दोन उठली. मग गाडीत बसताना मला म्हणाले, "झालं. आता इथून पुढं बंद."

त्यानंतर कितीतरी दिवस काही खबर नाही. मलाच करमेना. काकांचं घर एवढं गप्प, की ते दोन सोडून बाकी पोपट परत आले. रिठदहून कारंज्यात आलो तेव्हा नवखं वाटलं नव्हतं तेवढं आता वाटायला लागलं. रोज सकाळी सातला फाटकापाशी उगाच जाऊन उभा राही.

जानेवारीत एका सकाळी फोन वाजला. पलीकडून काहीच ऐकू येईना. मी हॅलो हॅलो करून ठेवणारच होतो, तेवढ्यात खूप लांबून, कापसातून आल्यासारखं आलं: "आलं काय ऐकू?"

"नाही!" मी ओरडलो.

"शाब्बास."

मग हळूहळू, खरोखर हळू, त्यांनी सगळं सांगितलं. तिथं ते रोज सकाळी थर्मास घेऊन घराजवळच्या बसथांब्यावर जाऊन बसतात. बर्फ असलं तरी. कोणती बस किती वाजता आली ते पाहतात. एक ड्रायव्हर आता हात दाखवतो. एकदा एक बस चार मिनिटं उशिरा आली तर त्यांना इतकं बरं वाटलं की घरी जाऊन शिरा करायला लावला. काकू नातीला घेऊन तिथंच येतात. दोघं बाकावर बसतात, रजई पायांवर घेऊन.

"अन् मंग म्या पुसलं तिले," काका म्हणाले.

मी उभाच राहिलो. "कसं पुसलं?"

"हळू. एकदम हळू. पावणेदहाची बस यायची होती. म्हटलं, त्या रोजी पोलिसानं पुसलं तवा तू एवढा टाइम काहून लावला?"

"मग?"

"मंग ती म्हणली, काय? म्या आणखी पुसलं. ती म्हणली, काय पुटपुटून राह्यले, मोठ्यानं बोला जरा."

"मग?"

"मंग काय. बोललो मोठ्यानं. थांब्यावरचे चारी लोक पाहाले लागले. तेवढ्यात आलेल्या बसच्या ड्रायव्हरनंही काच खाली केली. पोरगी मात्र रडली नाही."

"अन् काकू काय म्हणल्या?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो.

"तिनं पोरीची टोपी नीट केली," काका म्हणाले, "अन् म्हणली, त्या रोजी चाळीस वर्षांत पयल्यांदा कोणी पुसलं मले, बरी हाय काय म्हणून. म्हटलं, घाई कायले करा."